सूर्योदय कोणत्या गावचा?

उज्जैन आणि बीड ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला पूर्व आणि बीडचाही तोच. भारतीय ज्योतिर्गणिताने विषुववृत्तावरच्या लंकेपासून उत्तरेला मेरूपर्यंत जी मध्यरेषा मानली, आणि जिच्यावर सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाने अवंती, म्हणजे उज्जैन, व कुरुक्षेत्राचे सरोवर ठेवले, ती रेषा उज्जैनहून सरळ दक्षिणेला ओढत आणली की ती आमच्या शहरावरून जाते. जुन्या पद्धतीने पंचांग करणाऱ्याला या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या गावासाठी ‘देशांतर संस्कार’ ही दुरुस्ती करावी लागे. बीडच्या जोशाला ती करण्याचे कारणच नव्हते. बीडमध्ये ही गोष्ट कोणी मिरवताना मला आढळलेले नाही, याचे जरा नवल वाटते, कारण मिरवण्यासारख्या याहून पुष्कळ लहान गोष्टी आम्ही मिरवत असतो.

हे सांगायचे कारण असे की पंचांगातला दिवस हा गावाचा असतो आणि घड्याळातला दिवस देशाचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हे दोन्ही दिवस एकाच चौकटीत, एकाच शाईने छापलेले असतात, आणि वाचणारा ते एकच समजून चालतो. ‘एकादशी आज की उद्या’, ‘मुहूर्त टळला की टळायचा आहे’, ‘चंद्र उगवला तरी कॅलेंडरात अजून वेळ का आहे’ असे जे प्रश्न घरोघरी वर्षभर विचारले जातात, त्यांतले बहुतेक या एका गोंधळातून निघतात असे माझे मत आहे.

घड्याळाचे आधी पाहू. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशावरून ठरते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, त्यामुळे बीडची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या २७ मिनिटे मागे पडते. सूर्य आमच्या माथ्यावर येतो तेव्हा मनगटावर सरासरी १२ वाजून २७ मिनिटे झालेली असतात. कार्तिकाच्या सुमाराला हा क्षण १२.११ च्या आसपास येतो आणि माघात १२.४० च्याही पुढे जातो. लातूरचे अंतर २४ मिनिटांचे आहे, म्हणजे लातूर घड्याळाच्या मागे जवळजवळ नेमकी एक घटका चालते. १९०६ पूर्वी हा फरक फारसा कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते, कारण बहुतेक गावांची दुपार त्या त्या गावी होत असे.

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. मध्यरात्री तारीख बदलते, वार बदलत नाही. म्हणून पंचांगात ‘उत्तररात्री ३ वाजून १२ मिनिटे’ असे लिहिलेले असते तेव्हा ती वेळ आदल्या दिवसाच्या ओळीतच छापलेली असते. याचा सगळ्यांत रोखठोक अनुभव बाळाच्या जन्माच्या वेळी येतो. मंगळवारी पहाटे चार वाजता जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख पडते आणि गुरुजी पत्रिकेवर सोमवार लिहितात. मग आजोबा दाखला पुढे करून गुरुजींना चूक दाखवायला जातात, आणि गुरुजी शांतपणे सांगतात की दादा, सूर्य उगवायचा होता अजून. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. आमच्या गल्लीत तर दिवस तीनदा सुरू होतो. बँकेचा आणि रेल्वेचा मध्यरात्री, आमचा सूर्योदयाला, आणि शेजारच्या चाचांचा सूर्यास्ताला. त्यांच्या हिशेबाने जुमेरातीचा दिवस मावळला की जुम्याची रात्र लागलेली असते. तीन वेगवेगळ्या आरंभांचे हे दिवस एका गल्लीत पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदले आहेत, हे गणितापेक्षाही मला मोलाचे वाटते.

या सूर्योदय ते सूर्योदय दिवसाचे साठ भाग म्हणजे साठ घटका. एका घटकेची ६० पळे आणि एका पळाची ६० विपळे. आजच्या हिशेबात घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ सेकंदाच्या दोन पंचमांश भागाचे. ‘घटकाभर बसा’, ‘पळभर थांबा’ असे आपण दिवसभर म्हणतो, पण घटका म्हटले तर चहा करून, पिऊन, कपबश्या विसळून होतील इतका मोठा काळ आहे. ती मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची पातळ, अर्धगोल वाटी, तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढे छिद्र. ही वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडायची. छिद्रातून पाणी वर येत राहते, काठ खाली खाली जात राहतो, आणि शेवटचा बोटभर भाग उरला की वाटी एकाएकी कलते व तळाशी जाऊन बसते. सूर्यसिद्धान्तात या यंत्राचे वर्णन आहे: अहोरात्रात साठ वेळा बुडेल असे पात्र, स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवलेले. त्यातला ‘स्वच्छ’ हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात ती वाटी चार महिने वापरली तर छिद्राच्या कडेला क्षार बसेल, पाणी आत यायला वेळ लागेल आणि घटका लांबत जाईल. लग्नघरी ही वाटी पाण्यात सोडून तिच्यावर नजर ठेवणे हे एका जाणत्या माणसाचे स्वतंत्र काम असे, आणि सूर्याचा अर्धा गोल क्षितिजावर दिसला की त्या क्षणापासून तो घटका मोजू लागे. म्हणजे हे घड्याळ रोज सकाळी त्या गावच्या क्षितिजावर लावले जाई.

घटका-पळांच्या पंचांगात तिथीपुढे ‘३७ घ. १५ प.’ असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ सूर्योदयापासून ३७ घटका १५ पळांनी ती तिथी संपते. ३७ घटकांची ८८८ मिनिटे, १५ पळांची ६ मिनिटे, मिळून १४ तास ५४ मिनिटे; सूर्योदय साडेसहाचा असेल तर रात्री ९ वाजून २४ मिनिटे. गणित सोपे आहे. पेच आहे तो ‘सूर्योदयापासून’ या शब्दात. मुंबईच्या सूर्योदयावरून काढलेल्या घटका बीडच्या सूर्योदयात मिळवल्या, तर उत्तर सुमारे २९ पळांनी, म्हणजे पावणेबारा मिनिटांनी चुकते, कारण बीडला सूर्य मुंबईच्या तितका आधी उगवतो. नांदेडला तीच चूक १८ मिनिटांची होते. तासमिनिटांत छापलेल्या पंचांगात हा धोका टळला, आणि त्याचबरोबर तो आकडा कोणत्या गावच्या सूर्योदयाशी बांधलेला आहे हे विचारण्याची सवयही गेली.

घटका ही ठरावीक मापाची असते, पण दिवसाचे सगळेच भाग तसे नसतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाला दिनमान म्हणतात. मराठवाडा साधारण १८ ते २० अक्षांशांच्या पट्ट्यात येतो, आणि बीडच्या अक्षांशावर दिनमान जूनच्या उत्तरार्धात सुमारे ३३ घटकांचे असते व डिसेंबरात साडेसत्तावीस घटकांचे. या दिनमानाचे पंधरा भाग केले की दिवसाचे मुहूर्त मिळतात. मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटे, असे आपण पाठ केलेले असते, परंतु ते सरासरीचे बोलणे झाले. उन्हाळ्याच्या अखेरीस दिवसाचा मुहूर्त ५३ मिनिटांपर्यंत ताणतो आणि पौषाच्या तोंडावर ४४ मिनिटांवर येतो. पंधरांतला आठवा, मधला, तो अभिजित. रात्रीच्या पंधरांतला आठवा तो निशीथ. आणि सूर्योदयाच्या आधीचा एक मुहूर्त सोडून त्याच्या आधीचा तो ब्राह्ममुहूर्त, म्हणजे सूर्योदयापूर्वी साधारण ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा काळ. ‘ब्राह्ममुहूर्त पहाटे चारला’ असे ठोकून सांगणारे सध्या पुष्कळ आहेत. बीडला डिसेंबरात सूर्योदय ६.५५ च्या सुमाराला होतो; त्या दिवसांत चारला उठून बसलेल्या माणसाला ब्राह्ममुहूर्तासाठी आणखी सव्वा तास थंडीत काढावा लागेल.

दिवसाच्या पंधरा मुहूर्तांचे तीन-तीनचे पाच गट पडतात: प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. सण कोणत्या दिवशी करायचा हे ठरवताना ही पाच खणांची विभागणी कामाला येते, कारण प्रत्येक सणाने आपापला खण धरून ठेवलेला आहे. रामनवमी आणि गणेश चतुर्थी मध्याह्नाची, दसरा अपराह्णाचा, लक्ष्मीपूजन आणि होळी सूर्यास्तानंतरच्या प्रदोषाची, महाशिवरात्र आणि गोकुळाष्टमी निशीथाची. त्या खणात ती तिथी हवी. सकाळी कोणती तिथी होती हे तिथे दुय्यम ठरते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, होते. शेतात कडब्याची कोपी उभी करायची, आंबील आणि भज्जी घेऊन सगळे गाव रानात जायचे आणि शहरात दुकानांना कुलपे. काही वर्षी दिनदर्शिकेत त्या दिवसाची तिथी चतुर्दशी छापलेली असते आणि खाली ‘दर्श वेळा अमावास्या’ असे लिहिलेले असते. दरवर्षी कोणीतरी ही छपाईची चूक म्हणून दाखवतो. ती चूक नसते; सूर्योदयाला चतुर्दशी आहे म्हणून दिवसाचे नाव चतुर्दशी, आणि अपराह्णात अमावास्या आहे म्हणून दर्श त्या दिवशी.

इथून आपण तिथीकडे येतो, आणि पंचांगातला सर्वांत गैरसमज झालेला घटक हाच आहे. तिथी हा दिवसाचा भाग नाही. किंबहुना तिचा सूर्योदयाशी जन्मतः काही संबंध नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ३० तिथींत ३६० अंश पुरे होतात आणि महिना होतो. हा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून सरासरी तिथी दिवसापेक्षा थोडी लहान, २३ तास ३७ मिनिटांची. पण चंद्राची चाल सारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असताना तो दिवसाला १५ अंशांहून अधिक धावतो आणि दूर असताना १२ अंशही पुरे करत नाही. त्यामुळे एखादी तिथी २० तासांत आटोपते आणि एखादी पावणेसत्तावीस तास रेंगाळते.

सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव दिवसाला मिळते. एखादी छोटी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयापूर्वी संपली, तर तिला सूर्योदयच मिळत नाही आणि ती क्षयतिथी होते. एखाद्या लांब तिथीला दोन सूर्योदय मिळाले तर ती वृद्धितिथी. चांद्रवर्षात तिथी ३६० आणि दिवस सुमारे ३५४, म्हणजे क्षय हे वृद्धीपेक्षा पाच-सहाने जास्तच निघणार. ‘यंदा पंचमी गायब कशी झाली’ असे विचारणाऱ्यांना इतकेच सांगायचे की पंचमी झाली. सूर्य उगवताना ती हजर नव्हती.

तिथी जास्तीत जास्त किती लांबते आणि किती आखडते, यावर महाराष्ट्रात एकेकाळी चांगली खडाजंगी झालेली आहे. जुन्या परंपरेचे सूत्र होते ‘बाणवृद्धी रसक्षय’. बाण पाच आणि रस सहा. म्हणजे तिथी साठ घटकांच्या वर पाच घटका वाढते आणि खाली सहा घटका कमी होते, ६५ ते ५४ घटका. गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमाराला ग्रहलाघव रचला, आणि त्याच्या सुटसुटीत गणितावर पुढची साडेतीनशे-चारशे वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे होत राहिली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि नंतर व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांनी आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी गणित ताडून पाहिले, लोकमान्य टिळकही या सुधारणेच्या बाजूने उतरले, आणि दृक् गणिताच्या पंचांगात तिथी सात घटका वाढते व दहा घटका घटते असे निघू लागले: ‘सप्तवृद्धी दशक्षय’. सूत्रातला हा फरक चार घटकांपर्यंत जातो, म्हणजे दीड तासाहून अधिक. तेवढ्यात एकादशी एका दिवसावरून दुसऱ्या दिवशी जाऊ शकते, आणि भांडण होण्यास एवढे पुरे आहे. माझे मत विचाराल तर ज्या पंचांगातले ग्रहण आकाशात वेळेवर लागते, त्याच्या तिथीवर विश्वास ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या देशासाठी एकच असतो. चंद्र-सूर्यामधले अंतर १२ अंशांनी वाढले, ते मुंबईसाठी वेगळ्या वेळी आणि किनवटसाठी वेगळ्या वेळी वाढत नाही. सूर्योदय मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. समजा कार्तिकातल्या एका सकाळी तिथी ६ वाजून २६ मिनिटांनी संपते आणि मुंबईचा सूर्योदय ६.४० चा आहे. नांदेडला सूर्य ६.२२ ला, परभणीला ६.२४ ला, लातूरला ६.२५ ला उगवला. तेव्हा ती तिथी चालू होती, म्हणून त्या तिन्ही गावी दिवस तिच्या नावाचा झाला. बीडला सूर्य ६.२८ ला उगवला आणि छत्रपती संभाजीनगरला ६.३० ला, तोवर ती संपून गेली होती. एकाच विभागातल्या दोन शहरांत एकाच दिवशी दोन तिथी, आणि दोन्ही शास्त्राला धरून. असे प्रसंग क्वचित येतात, पण येतात. तेव्हा नांदेडचा माणूस मुंबईवरून छापलेल्या दिनदर्शिकेप्रमाणे चालला तर त्याने सोय पाहिली असे म्हणता येईल, पण शास्त्र पाळले असे म्हणता येणार नाही. आपण सगळे तीच सोय पाहतो. शासनाने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या कामातून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली, आणि राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी एक मध्यवर्ती स्थान धरले गेले. त्याचा रेखांश ८२ अंश ३० कला, प्रमाणवेळेचा. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, उज्जैनचा. जुन्या मध्यरेषेच्या गावाला अर्धा मान असा राहिला.

एकादशीच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. स्मार्त लोक सूर्योदयाची एकादशी पाहतात. माळकरी भागवत एकादशी पाळतात, आणि त्यांचा नियम अधिक कडक आहे: सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे आधी, अरुणोदय, त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्ध, म्हणजे दशमीने बाधित, झाली, उपवास दुसऱ्या दिवशी. सूर्योदय सव्वासहाचा आणि दशमी पहाटे ५.१० ला संपली, तर ४.३९ च्या अरुणोदयाला दशमीच होती. मग स्मार्तांचा उपवास आज आणि भागवतांचा उद्या. पैठणची नाथषष्ठी आणि नर्सीच्या नामदेवांची ओढ असलेल्या या मुलखात माळकरी घरे पुष्कळ, आणि सून स्मार्त घरातून आलेली असली की एकाच स्वयंपाकघरात सलग दोन दिवस भगर आणि शेंगदाण्याची आमटी शिजते. सासूबाई म्हणतात, ‘तुमची आज, माझी उद्या.’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि माझ्या पाहण्यात तो कोणत्याही चर्चासत्रापेक्षा नीट मिटतो.

संकष्टीला प्रश्न चंद्रोदयाचा असतो. तो तर उघडच स्थानिक आहे, आणि म्हणूनच काही दिनदर्शिका व वर्तमानपत्रे गावांची यादी देऊन प्रत्येकापुढे वेळ छापतात. ती यादी न पाहता मोठ्या अक्षरातली मुंबईची वेळ पाहिली, तर नांदेडची बाई चंद्र अठरा मिनिटे डोळ्यांपुढे असताना ताट झाकून बसते. ढग नसतील तर गच्चीवर जाऊन पाहावे.

वार, नक्षत्र, योग आणि करण यांच्याबद्दल थोडक्यात. सूर्योदयापासून चोवीस होरा, म्हणजे दिवसाचे चोवीस भाग, मोजल्या जातात, प्रत्येकीला एक ग्रह. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने मोजत गेले की पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, ज्याची येते त्याचा तो वार, आणि रविवारनंतर सोमवारच का येतो याचे उत्तर तिथे आहे. नक्षत्र म्हणजे चंद्र ज्या १३ अंश २० कलांच्या खणात आहे तो. असे २७ खण. शेतकरी ज्या मृग, आर्द्रा, हस्त नक्षत्रांवर पाऊस बोलतो ती सूर्याची नक्षत्रे, प्रत्येक तेरा-चौदा दिवस चालणारी. दिनदर्शिकेच्या चौकटीतले रोज बदलणारे ते चंद्राचे. सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांशांची, म्हणजे राशिचक्रातली जागा दाखवणाऱ्या अंशांची, बेरीज करून तिचे तसेच २७ भाग केले की योग. अर्धी तिथी म्हणजे करण. त्यांपैकी विष्टी, म्हणजे भद्रा, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोनवरून फिरू लागते आणि वर्षभर पुन्हा तिचे नाव निघत नाही. वार सोडून बाकीचे तिघे तिथीसारखेच आकाशात ठरतात आणि देशभर एकाच क्षणी बदलतात.

याच्या अगदी उलट टोकाला लग्न आहे. पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास म्हणजे लग्न. ती साधारण दोन तासांत बदलते, तिचा नववा भाग, नवमांश, सुमारे तेरा मिनिटांत बदलतो, आणि ती पूर्णपणे गावच्या क्षितिजावर अवलंबून असते. पत्रिकेवर ‘सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांनी’ असे मिनिटापर्यंत छापण्याचे कारण हेच. आता ही वेळ पुण्यात काढली आणि कार्य नांदेडच्या मंगल कार्यालयात असेल, तर गावांमधल्या चौदा-पंधरा मिनिटांच्या फरकाने एक पूर्ण नवमांश हातातून जातो. अर्थात आमच्याकडची लग्ने पाहिली की ही चिंता फारशी टिकत नाही. ११.४७ ला नवरदेव मारुतीच्या पारावर असतो, बँडवाल्यांना कोणी हलू देत नाही, आणि मंगलाष्टके दीडला सुरू होतात. तोपर्यंत क्षितिजावरची रास बदललेली असते. मिनिटाचे अवधान गुरुजींकडे आणि तासांची उधळपट्टी वऱ्हाडाकडे, अशी कामाची वाटणी झालेली आहे. गोरज मुहूर्त त्या मानाने सुज्ञ वाटतो. सूर्य मावळताना, गुरे परतण्याची वेळ, घड्याळ कोणाचे याचा प्रश्न नाही.

राहुकाळ हा आमच्याकडे गेल्या पिढीत अधिक बोलला जाऊ लागला. दक्षिणेत त्याचे महत्त्व जुने. दिनमानाचे आठ भाग करायचे, सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. छापील कोष्टकात सोमवारी साडेसात ते नऊ, रविवारी साडेचार ते सहा असे कायमचे आकडे असतात. ते सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या सूर्याचे आहेत. बीडला जूनच्या उत्तरार्धात सूर्य ५.५२ ला उगवतो आणि ७.०६ ला मावळतो, तेव्हा रविवारचा आठवा भाग ५.२७ ते ७.०६ असा येतो. कोष्टकावर विश्वासून साडेचार ते सहा गाडीची चावी खिशात ठेवून बसलेले आणि सहा वाजून पाच मिनिटांनी निश्चिंतपणे निघालेले सद्गृहस्थ राहुकाळाच्या ऐन मध्यावर प्रवासाला लागतात. राहुकाळ मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; मानायचा तर मोजून मानावा.

मोजणे अवघड नाही. मुंबईचा छापील सूर्योदय घ्यावा आणि त्यातून संभाजीनगरकरांनी १० मिनिटे, बीड आणि जालन्याने १२, धाराशिवने १३, लातूरने १५, परभणीने १६, हिंगोलीने १७ आणि नांदेडने १८ मिनिटे वजा करावीत; अक्षांशाच्या फरकाने ऋतुमानाप्रमाणे एखादे मिनिट इकडेतिकडे होईल. सूर्यास्तालाही तेच करावे, आणि चंद्रोदयालाही ते पुरेसे जवळ जाते. दिनमान, मुहूर्त, प्रदोष, राहुकाळ हे सगळे त्यावरून घरी काढता येतात. तिथी, नक्षत्र, योग आणि करण संपण्याच्या तासमिनिटांना मात्र हात लावू नये. त्या वेळा आहेत तशाच घ्याव्यात आणि आपल्या गावच्या सूर्योदयाशेजारी ठेवून पाहाव्यात.